रेड्याचा गेन

"हा इथं कशाला आणलास?" दार उघडून शांतुमामांनी विचारलं.

मी उत्तर देण्याच्या परिस्थितीत नव्हतो. बावीस किलोचा अँप्लिफायर रिक्षातून उतरवून दोन जिने चढवला होता आणि माझा निम्मा श्वास अजून पहिल्या मजल्यावरच होता. डबा उंबऱ्याच्या आत टेकवला आणि मी त्याच्यावरच बसलो.

"रेड्याला तुमची आठवण आली," मी म्हणालो.

"त्याला म्हणावं, मला नाही आली."

बोलणं अजून जड होतं, एका बाजूनं घसरत होतं, पण तिरकसपणा जागच्या जागी होता. उजवा हात मात्र पोटाशी धरलेला, दुसऱ्या कुणाचा सांभाळायला घेतल्यासारखा. चार महिन्यांपूर्वी सकाळी दाढी करताना त्या हातातून ब्रश पडला होता, आणि मग मामाच पडले होते.

शांतवन भांबळ हे त्यांचं पूर्ण नाव, पण सगळ्यांचे ते शांतुमामा. नगरमधल्या आमच्या 'निशिगंध ऑर्केस्ट्रा'चे पहिल्या दिवसापासूनचे गिटारिस्ट. दिवसा शाळेत क्लार्क, रविवारी सकाळी चर्चमधल्या उपासनेत गिटार, आणि उरलेल्या वेळात आमच्याबरोबर गावोगाव. मी मुकुंद ताकवले, त्याच ऑर्केस्ट्राचा साउंडवाला. माळीवाड्यात माझं रेडिओ-टेप दुरुस्तीचं दुकान होतं, तिथून उचलून मला मिक्सरवर बसवणारे मामाच. गिटारच्या तारेला कान लावून कुठली तार जुनी झाली ते ओळखायला त्यांनी मला शिकवलं. ही सांगतोय ती गोष्ट वीस वर्षांपूर्वीची. मी तेव्हा तेहतीस वर्षांचा होतो आणि आत्तापेक्षा जास्त दमलेला होतो.

रेडा म्हणजे तो अँप्लिफायर. मालक चोभेसाहेबांच्या पुतण्यानं तो दुबईहून आणला. हाय-गेन, असं तो फार अभिमानानं सांगायचा. गेन म्हणजे सरळ भाषेत एवढंच, की तारेचा बारीक आवाज आत घ्यायचा आणि फुगवायचा. साध्या अँपमध्ये तो बेतानं फुगतो. यात इतका फुगायचा की फाटायचा, आणि तो फाटलेला, जाड, लांबत जाणारा आवाज हीच त्याची शोभा. आमच्या जुन्या गाण्यांत त्याचं काय काम? पहिल्याच दिवशी मामांनी एक सूर वाजवला, तो डुरकत राहिला, आणि मामा म्हणाले, "अरे, हा तर रेडा आहे." तेच नाव पडलं.

"यात माणूस ओळखू येत नाही," असंही ते तेव्हा म्हणाले होते. "हळू वाजवा, जोरात वाजवा, मी वाजवू दे नाहीतर तू, सगळ्यांचं एकच." त्यानंतर रेडा गोदामात पडून होता.

त्यांचा हा आक्षेप मामा पडल्यानंतर चार महिन्यांनी मला एका दुपारी दुकानात बसल्याबसल्या आठवला आणि मी ताडकन उठलो. सगळ्यांचं एकच! म्हणजे हळू वाजवलं तरी चालेल. म्हणजे उजवा हात नसला तरी चालेल.

"गिटार घ्या मांडीवर," मी म्हणालो.

"मुकुंदा, कशाला चेष्टा करतोस?"

"घ्या तर."

एस्तेरमामी स्वयंपाकघरातून हात पुसत बाहेर आल्या. त्यांनीच खोळ काढून गिटार मामांच्या मांडीवर ठेवली. मी वायर जोडली आणि गेनचं बटण दहावर नेलं. खोलीभर सूंऽऽ असा आवाज पसरला.

"आता फक्त डावा हात. तारेवर बोट नुसतं आपटा. छेडायचं नाही."

मामांनी माझ्याकडे संशयानं पाहिलं आणि मधलं बोट तारेवर आपटलं. साध्या अँपवर त्याचा 'टक' झाला असता. रेड्यातून सूर निघाला, जाड आणि लांब. मामांनी दुसरं बोट आपटलं, मग ते उचललं, मग तिसरं. तीन सूर झाले, चौथा झाला. उजवा हात पोटाशी तसाच होता आणि गिटार वाजत होती.

मामींनी पदर तोंडाला लावला. मामा वाजवतच राहिले, आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं ते पुसायला त्यांच्याकडे मोकळा हात नव्हता.

"ज्ञानोबांनी रेड्याकडून वेद म्हणवले," मी म्हणालो, "तुम्हाला नुसतं एक गाणं म्हणवायचंय."

ते गाणं म्हणजे काय, तेही सांगतो. पुढच्या महिन्यात आमच्या ऑर्केस्ट्राला पंचवीस वर्षं होत होती आणि नाट्यगृहात दुपारचा मोठा कार्यक्रम ठरला होता. त्यात एक जुनं गाणं होतं, ज्याच्या सुरुवातीला, दोन कडव्यांच्या मध्ये आणि शेवटी गिटारचा तुकडा आहे. पंचवीस वर्षं तो तुकडा मामांचा होता. लोक गाण्यासाठी कमी आणि त्या तुकड्यासाठी जास्त थांबायचे. चोभेसाहेबांनी मला स्वच्छ सांगितलं होतं, "वाजवता आलं तर खुर्ची त्यांची. नाही आलं, तर पुण्याहून एक जण बोलावलाय, तो कायमचाच घेऊ." खुर्ची गेली तर मामा गेले, हे त्या घरात आम्हा तिघांनाही ठाऊक होतं, पण कुणी उच्चारलं नाही.

त्या दिवसापासून मी रोज दुपारी दुकान बंद करून तारकपूरला त्यांच्या घरी जायला लागलो.

रेड्याचे गुण पहिल्या दिवशीच संपले. दुसऱ्या दिवसापासून त्याचे अवगुण सुरू झाले. जो डबा बोटाचा नुसता स्पर्श मोठा करतो, तो इतरही सगळं मोठं करतो, हे आमच्या लक्षातच आलं नव्हतं. शेजारच्या तारेला करंगळी लागली की ती ओरडायची. मामांचा हात जरा थरथरला की सूर रडल्यासारखा व्हायचा. वाजवायचं थांबलं तर सूंऽऽ चालूच, आणि दोन पावलं मागं सरकून अँपसमोर आलं की कानात खिळा ठोकल्यासारखी शिट्टी. दोन तारा एकत्र वाजवल्या तर नुसता चिखल. मी एक भोक बुजवायला जायचो तर दुसरं पडायचं. नको त्या तारा गप्प राहाव्यात म्हणून तारांवर मोजा बांधला, वायर बदलली, अँप भिंतीकडे फिरवला. रोज दोन तास हे करून संध्याकाळी दुकान उघडायचो तेव्हा माझ्या डोक्यात तो सूंऽऽ चालूच असायचा.

तेराव्या की चौदाव्या दिवशी मामा म्हणाले, "गेन थोडा कमी करून बघू."

"कमी केला की सूरच येणार नाही."

"अंगठा हलतोय आता. हिनं रोज कणीक तिंबायला लावलीय मला."

"खरंच तिंबतात," मामी आतून म्हणाल्या. "आणि सकाळी बसतात गिटार घेऊन, वायर न लावता. मला तर ऐकूही येत नाही."

"बघू दे मला," मी म्हणालो.

मी बटण दोनवर आणलं. तसा सूंऽऽ थांबला आणि खोली एकदम मोठी झाल्यासारखी वाटली. मामांनी उजवा हात उचलून, अक्षरशः उचलून, तारांवर ठेवला आणि अंगठ्यानं एक तार ओढली. सूर आला, पण केवढासा! दुसरा चुकला. तिसऱ्याला अंगठा तारेखालीच अडकला.

"मामा, नको. बारा दिवस राहिलेत."

"पण हा सूर माझा होता, मुकुंदा. तो दहावरचा जो आहे ना, त्यातली चूकसुद्धा माझी वाटत नाही मला."

"चूक कुणाची का असेना, खुर्ची वाचली पाहिजे."

मी बटण पुन्हा दहावर नेलं. मामांनी उजवा हात पुन्हा पोटाशी घेतला. मला आठवतं, मला त्या वेळी त्यांचा राग आला होता. मी इथं मरमर मरतोय आणि यांना सूर आपला की परका ते सुचतंय!

कार्यक्रमाच्या चार दिवस आधी चोभेसाहेब ऐकायला आले. खुर्चीवर बसले, चहाचा कप हातात धरला आणि तो पुरा तुकडा होईपर्यंत तसाच धरून ठेवला. मामांनी पहिला भाग बरा वाजवला. मधल्या भागात साहेबांच्या नजरेनं बोटं थरथरली, एक तार मध्येच किंचाळली, आणि ती दाबायला गेले तर दुसरी. शेवटी शिट्टी सुटली आणि मी धावत जाऊन आवाज बंद केला.

"छान, छान," साहेब म्हणाले. "होईल तोवर."

जिना उतरताना ते थांबले. वाईट माणूस नव्हता तो. त्यांचाही मामांवर जीव होता.

"मुकुंदा, हे काही होणार नाही."

"चार दिवस आहेत, साहेब."

"चार महिने दिलेस तरी नाही. ऐक. मामांना बसवू. त्यांना वाजवू दे. तू मिक्सरवर त्यांच्या चॅनलची पट्टी खाली घे, म्हणजे बाहेर त्यांचं काही जाणार नाही. आपला रणजित कीबोर्डवर गिटारचा आवाज लावून तुकडा वाजवेल. तो फाटका गिटारचा आवाज कीबोर्डमध्ये आहेच, लोकांना काय फरक कळतोय?"

"आणि मामांना?"

"त्यांचा अँप त्यांच्या कानाशी. बाहेरचे स्पीकर प्रेक्षकांकडे तोंड करून, त्यांचा आवाज कोपऱ्यात धड जात नाही, तेव्हा मामांना त्यांचंच ऐकू येणार. झाकली मूठ सव्वा लाखाची. मान राहील, कार्यक्रम राहील. पुढचं पुढं."

मी नाही म्हणायला हवं होतं. निदान विचार करतो म्हणायला हवं होतं. पण बावीस दिवस मी ते जिने चढत-उतरत होतो, दुकानात गिऱ्हाइकं बोंबलत होती, आणि साहेबांचं बोलणं ऐकून मला पहिल्यांदा काय वाटलं ते खरं सांगतो. मला हायसं वाटलं.

"बरं," मी म्हणालो.

कार्यक्रमाच्या दिवशी मामींनी मामांना निळा कोट घातला होता. विंगेजवळच्या कोपऱ्यात त्यांची खुर्ची, शेजारी त्यांच्याकडे तोंड केलेला रेडा, रेड्यासमोर माइक. आवाज मी बेताचाच ठेवला होता, नाहीतर तो गाणाऱ्यांना गिळतो. म्हणजे प्रेक्षकांना जे काही ऐकू जाणार ते सगळं माझ्या मिक्सरमधून, आणि मिक्सर नाट्यगृहाच्या पार शेवटच्या रांगेमागं. मामींनी नेहमीप्रमाणे आपला छोटा टेपरेकॉर्डर खुर्चीखाली सरकवला आणि त्या घरी गेल्या. त्या कधी प्रेक्षकांत बसायच्या नाहीत, त्यांना लाज वाटायची. टेप घरी नेऊन भाकऱ्या थापता थापता ऐकायच्या. पंचवीस वर्षं हेच.

"मामा, बटणाला हात लावू नका," मी म्हणालो. "सगळं लावून दिलंय."

"तू आहेस ना मागं?"

"आहे की."

"मग झालं."

गाणं सुरू झालं. मी मामांच्या चॅनलची पट्टी तळाला नेली. रणजितनं कीबोर्डवर तुकडा सुरू केला आणि सभागृहात जाड, लांब, बिनचूक गिटार घुमली. लांबून मामांचं डोकं खाली झुकलेलं दिसत होतं, निळ्या कोटाचे खांदे हलत होते. माझ्या गळ्यात हेडफोन होता. मिक्सरवरचं एक बटण दाबलं असतं तर पट्टी खाली असतानाही त्यांचा एकट्याचा आवाज माझ्या कानात आला असता. मी ते दाबलं नाही. पुन्हा ती किंचाळी ऐकायची ताकद माझ्यात नव्हती.

शेवटचा तुकडा संपला तेव्हा लोक उभे राहिले. टाळ्या थांबेनात. चोभेसाहेबांनी विंगेतून माझ्याकडे पाहून अंगठा दाखवला.

मध्यंतरात मी रंगमंचामागं गेलो. मामा खुर्चीत बसून घाम पुसत होते, डाव्या हातानं. चेहरा असा काही उजळला होता, की मला क्षणभर वाटलं, आपण केलं ते बरंच केलं.

"कसं वाजलं रे?" त्यांनी विचारलं.

"काय विचारताय! रेडा नुसता डुरकला. काय तो जाड टोन, मामा!"

मामांचा रुमाल कपाळावरच थांबला.

"जाड?"

"एकदम! भिंती हलल्या."

"आणि शेवटी? शेवटच्या तीन सुरांना?"

"तिथं तर कमाल. सूर जो लांबला, लांबला, टाळ्या पडल्या तरी चालूच."

ते माझ्याकडे बघत राहिले. रागानं नाही. दारात आलेल्या अर्धवट ओळखीच्या माणसाचं नाव आठवायचा प्रयत्न करावा, तसे.

"बरं," ते म्हणाले. मग जरा थांबून, "चहा घे जा. फार दमलायस तू."

कार्यक्रम संपल्यावर सामान भरताना मला दिसलं, रेड्याचं गेनचं बटण दोनवर होतं. उचलताना कुणाचा तरी हात लागला असेल, असं म्हणून मी त्याला खोळ घातली.

मामा पुन्हा ऑर्केस्ट्रात आले नाहीत. साहेब स्वतः बोलवायला गेले, तेव्हा म्हणाले, "पंचवीस पुरे झाली." गिटार त्यांनी उपासनेतल्या मुलांना देऊन टाकली. मी कधीमधी जायचो. मामा माझं हसून स्वागत करायचे, मामी चहा करायच्या, आम्ही पावसापाण्याचं बोलायचो. गिटारचा विषय त्यांनी काढला नाही आणि मीही काढला नाही. खुर्ची आपणहून सोडली, मानानं सोडली, असंच मी स्वतःला समजावत होतो. सहा वर्षांनी ते गेले.

त्यानंतर तीनेक वर्षांनी मामी दुकानात आल्या. लेकीकडे जालन्याला कायमच्या निघाल्या होत्या. पिशवीतून त्यांनी एक कॅसेट काढली. वर मामांच्या अक्षरात तारीख होती, त्या दुपारची.

"ही तेवढी राहिलीय," त्या म्हणाल्या. "बाकीच्या सगळ्या शंभरदा ऐकल्या. ही त्यांनी मला कधी लावू दिली नाही. आता घरी टेप पण चालत नाही. तुझ्याकडे आहे ना?"

मी काउंटरवर जुना डेक ठेवून कॅसेट लावली. मामी स्टुलावर बसल्या.

आधी खुर्ची सरकल्याचा आवाज. मग ढोलकी, गायिका. आणि मग काही तरी कमी आहे असं मला वाटायला लागलं. काय कमी आहे ते कळायला थोडा वेळ गेला. सूंऽऽ नव्हता. खुर्चीखाली, रेड्याच्या तोंडापासून हातभर अंतरावर ठेवलेला टेप, आणि त्यात सूंऽऽ नव्हता.

मग गिटार आली. बारीक, साधी, अंगठ्यानं छेडलेली. एकेक सूर हातानं उचलून ठेवल्यासारखा. एक चुकला. दुसरा थोडा उशिरा आला. पण थरथर नव्हती, किंचाळी नव्हती, आणि ती कुणाची गिटार आहे हे आंधळ्यानंही सांगितलं असतं. मधला तुकडा त्यांनी अर्धाच वाजवला, सोपा करून, मोकळी जागा सोडत. शेवटचे तीन सूर त्यांनी इतके हळू वाजवले की तिसऱ्याला मी आपोआप डेकजवळ कान नेला. लांबला नाही तो सूर. आला आणि विझला.

मग लांबून टाळ्या. आणि जवळून, अगदी जवळून, मामांचा धापा टाकणारा आवाज, शेजारच्या ढोलकीवाल्याला सांगत होता, "बटण कमी केलं मी. मुकुंदा ओरडेल आता. पण त्याला कळलं असेल. त्याचा कान आहे."

मी डेक बंद केला.

"मामी," मी म्हणालो, "मी ते ऐकलंच नव्हतं. मी त्यांचा आवाज बंद केला होता. लोकांनी ऐकलं ते रणजितचं होतं. कीबोर्डचं."

मामी कॅसेटच्या रिकाम्या डबीकडे बघत होत्या.

"ठाऊक आहे," त्या म्हणाल्या. "त्याच दिवशी घरी आल्यावर सांगितलं त्यांनी. म्हणाले, मुकुंदानं ऐकलं नाही. मी फार चिडले होते रे तुझ्यावर. तर म्हणाले, त्याला काही बोलू नकोस. बावीस दिवस जिने चढलाय तो, दमलाय."

रस्त्यावरून एक रिक्षा गेली. मी कॅसेट काढून त्यांच्यापुढं धरली.

मामींनी स्टूल डेकजवळ ओढलं आणि पदर सावरून नीट बसल्या.

"परत लाव," त्या म्हणाल्या. "आता ऐक."